अण्णांना ऐकू येणारा एकच कॉल

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. आणि खरं सांगू का, वाचताना मी मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायचे. हा झोपेत असणार, हिने उपास केला असणार, ह्याला कोणीतरी बनवलं असणार... मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय, आठवी ते दहावीच्या मुलांचे विज्ञानाचे ऑनलाइन क्लास घेते. आमच्या वाडीत कोणाला काही "लागलं" की देवळात गाऱ्हाणं घालायला जाणाऱ्यांत मी कधीच नसते. माझा नवरा म्हणतो, लिहू नकोस, लोक हसतील. हसू देत. मला फक्त कोणीतरी सांगायला हवंय, हे काय होतं ते.

आमचं घर रत्नागिरीहून पावसच्या बाजूला, खाडीच्या काठाला. गावाचं नाव देत नाही. वर दोन्ही बाजूंना कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि मधल्या खोलगट भागात आमची वाडी, त्यामुळे मोबाईलला रेंज म्हणून नाही. म्हणजे अगदी शून्य. वर्षानुवर्षं फोन करायचा तर पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर जायचं. तिथे करवंदीच्या जाळीजवळ एक जागा आहे, तिथे उभं राहिलं की दोन काड्या दिसतात. पाऊस असला की छत्री धरून माणसं रांगेत उभी... नवऱ्याशी बोलायला, आईशी बोलायला, गॅसचं बुकिंग करायला.

मग गावात फायबरची लाइन आली. मी क्लाससाठी लगेच कनेक्शन घेतलं. माझा नवरा संदेश मुंबईत नोकरीला असतो. तो गणपतीला आला तेव्हा त्याने घरातल्या सगळ्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – नंबर तुमचा नेहमीचाच, फोन लावायचा पण नेहमीसारखाच, फक्त कॉल टॉवरवरून न जाता घरच्या राउटरमधून इंटरनेटवरून जातो. रेंज नसली तरी चालतं. मला तर सोन्याहून पिवळं झालं. स्वयंपाक करता करता आईशी बोलायला लागले.

संदेशने अण्णांच्या फोनवरही ते चालू केलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मी त्याला म्हटलं पण, अरे त्यांना कशाला? तो म्हणाला, असू दे, काय पैसे पडतात का.

मी असं म्हणाले त्याला कारण होतं. अण्णांना ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं नाही, जवळजवळ काहीच येत नाही. उभा जन्म मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर इंजिनाचा ड्रायव्हर म्हणून गेला. त्या खालच्या खोलीत दिवस-रात्र धडधड... कानाच्या नसाच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. मशीन घेऊन दिलं तर ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडलंय. आम्ही त्यांच्याशी खुणांनी बोलतो, नाहीतर समोर उभं राहून ओठ नीट हलवायचे. फारच असलं तर फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवायचं. फोन ते वापरतात तो मासेमारीचे व्हिडिओ बघायला. आवाज बंद करून. थरथर लागते म्हणून खिशात ठेवतात.

पावसाळा ओसरल्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवणं झाल्यावर मी माजघरात नववीचा क्लास घेत होते. बाहेर पडवीत अण्णा पडलेले असतात त्या वेळेला. मला अचानक त्यांचं हसणं ऐकू आलं. सासूबाई गेल्यापासून अण्णा तसे खळखळून हसलेलेच मी ऐकले नव्हते. मी मुलांना एक गणित दिलं, माइक बंद केला आणि दारातून डोकावले.

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. फोन कानाला.

"हां... मग? ... अरे, बर्फ कमी घातलान असेल, दुसरा काय! ... नाय नाय, तू आपला ऐक माझा..."

मधे थांबत होते. ऐकत होते. मान हलवत होते. ऐकू येणारा माणूस फोनवर बोलताना दिसतो ना, अगदी तसं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली... अण्णा एरवी ओरडून बोलतात, स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून. त्या दिवशी ते हळू आवाजात बोलत होते.

बोलणं संपल्यावर मी खुणेने विचारलं, कोण?

"लतीफ," ते म्हणाले. अगदी सहज. आणि आडवे झाले.

आता लतीफचाचा कोण ते सांगते. अण्णा ज्या बोटीवर ड्रायव्हर होते, तिचे ते तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. वर सुकाणू लतीफचाचांकडे, खाली इंजिन अण्णांकडे. वीसेक वर्षं तरी दोघं एका बोटीवर होते. संदेश लहान असताना ईदचा शिरकुर्मा तिकडून आणि गणपतीचे मोदक इकडून, असा रिवाज होता. पण दोन वर्षांपूर्वी लतीफचाचांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचा गेली. एक शब्द नाही. आम्ही अण्णांना घेऊन भेटायला गेलो होतो तेव्हा. दोघं तासभर एकमेकांचा हात धरून बसले नि आम्ही परत आलो. त्यानंतर अण्णा पुन्हा जायला तयार होईनात. मला म्हणाले, "काय करू जाऊन? त्याला बोलता येत नाय, मना ऐकू येत नाय. दोघां दगडांसारखी बसायचा."

म्हणजे समजतंय ना तुम्हाला... मुक्या माणसाचा फोन बहिऱ्या माणसाला आला होता.

मला पहिली शंका आली ती अण्णांच्या डोक्याची. वय झालंय, एकटेपणा आहे, मनाचे खेळ असतील. त्यांचा डोळा लागल्यावर मी फोन उचलून कॉल हिस्टरी बघितली. तिथे खरंच "लतीफ तांडेल" असं नाव होतं, आजचंच, मघाच्याच वेळेचं. पण मिस्ड कॉल म्हणून. आलेला आणि न उचललेला. अण्णा तर चांगला अर्धा तास बोलत होते!

मी त्या नंबरवर माझ्या फोनवरून कॉल लावला. "आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही..."

तीन-चार दिवसांनी एका रात्री संदेशला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, इंटरनेटवरून कोणीही कोणाचाही नंबर दाखवून कॉल करू शकतो. फसवणूकवाले असतील. अण्णांनी उचललाच नसेल, नुसता कानाला लावून बडबडत बसले असतील."

"रोज?" मी विचारलं. कारण तोपर्यंत ते तीन-चारदा झालं होतं.

तो म्हणाला, "मी त्यांना मुंबईला घेऊन येतो. इथे एका चांगल्या डॉक्टरला दाखवू. हे वाढत जातं गं."

मला ते नको होतं. मुंबईच्या त्या दोन खोल्यांत अण्णा महिनाभरही टिकले नसते. पण खरं काय ते मलाही कळत नव्हतं. म्हणून मी माझ्या परीने तपासायला लागले. एकदा माझ्याच फोनवरून त्यांना कॉल केला, आतल्या खोलीतून. त्यांनी कानाला लावला, दोनदा "हां? हां?" केलं, नि वैतागून ठेवून दिला. "काय नाय ऐकू येत." त्याच फोनवर, त्याच कानाने.

मग एकदा कॉल येताना मी स्वतः बघितला. फोन त्यांच्या शेजारी होता, ते सुपारी कातरत होते. स्क्रीन उजळली – लतीफ तांडेल, आणि खाली बारीक अक्षरांत वायफाय कॉल. फोन लाकडावर गुरगुरत पुढे सरकत होता. अण्णांनी अडकित्ता ठेवला, हात पुसला, फोन उचलला. आणि अण्णांचा चेहरा! तो मी कधी विसरणार नाही. लहान पोराला कोणी खेळायला हाक मारावी तसा.

काय बोलतात विचारलं तर सांगायचे. बंदरावरच्या गोष्टी. कोणाची बोट विकली, म्हाकूल मासा यंदा कसा लवकर आला. एकदा म्हणाले, "रुबीनाने घराला हिरवा रंग काढलान. लतीफला नाय आवडला." रुबीना म्हणजे लतीफचाचांची मुलगी, तीच त्यांचं सगळं करते. मी नुसती मान डोलावली.

माझं मात्र क्लासमधलं लक्ष उडालं. शिकवता शिकवता कान पडवीकडे. मुलं विचारायची, मॅडम, आवाज येत नाहीये का? मी उठून दाराशी जायचे, परत बसायचे. अण्णा जितके खुशीत, तितकी मी बेचैन.

मधे रस्त्याचं काम चाललं होतं तिथे जेसीबीने केबल तोडली आणि आमचं नेट बंद पडलं. अण्णांचे कॉलही बंद! ते दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसायचे. शेवटी मीच त्यांना म्हटलं, चला सड्यावर, तिथे टॉवरची रेंज आहे. काठी टेकत टेकत वर आले बिचारे. करवंदीच्या जाळीपाशी बराच वेळ उभे राहिलो. काही नाही. उतरताना म्हणाले, "हिकडे येत नाय तो. घरातल्या लायनीवरच येतो."

नेट दुरुस्त करायला जो माणूस आला, त्याला मी आडून विचारलं, बंद झालेल्या नंबरवरून वायफाय कॉल येऊ शकतो का? तो हसला. "ताई, सिमच नाही तर कॉल येणार कुठून? राउटर म्हणजे नुसता रस्ता हो. गाडी तर पाहिजे ना."

नेट सुरू झालं त्या दिवशी दुपारी कॉल आला नाही. मला हुश्श झालं, आणि वाईटही वाटलं. चहाच्या वेळेला मी आधण ठेवत होते, तेवढ्यात अण्णांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

"वैशाली! गो वैशाली!"

मी धावत गेले. फोन त्यांच्या कानाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"त्याच्या घशात काटा अडकलाय. माशाचा काटा. गिळता येत नाय त्याला. आणि ती माणसा रडतायत, पोराला कुवेतवरून बोलावलंनी. तो म्हणतोय, मी मरत नाय रे शांत्या, मना काटा लागलाय, सांग कोणाला तरी..."

शांत्या म्हणजे शांताराम, अण्णांचं नाव. त्यांना ह्या नावाने हाक मारणारं लतीफचाचांशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. इतके दिवस माझी हिंमत झाली नव्हती. कानाला लावला.

बोलणं नव्हतं. पण लाइन बंदही नव्हती. एका खोलीचा आवाज होता तो... पंखा फिरत होता, प्रत्येक फेरीला टक्, टक्, टक्. कोणीतरी भांडं ठेवलं. एक बाई नाक ओढत होती. आणि मग लांबून अजान सुरू झाली. आमच्या वाडीतून कुठल्याच मशिदीची अजान ऐकू येत नाही. मी ती फोनमधून शेवटपर्यंत ऐकली. "हॅलो, कोण बोलतंय? रुबीना?" म्हटलं. कोणी उत्तर दिलं नाही. फोन कट झाला. बघितलं तर – मिस्ड कॉल.

ती रात्र कशी गेली ते विचारू नका. शेवटची एसटी गेलेली, वाडीतला रिक्षावाला लग्नाला गेलेला, आणि रुबीनाचा नंबर तेव्हा आमच्याकडे नव्हता. अण्णा येरझाऱ्या घालत होते. संदेशला फोन केला तर म्हणाला, "तू पण?" मी म्हटलं, हो, मी पण. उद्या जातेय त्यांना घेऊन.

सकाळच्या पहिल्या गाडीने रत्नागिरी स्टँड, तिथून रिक्षाने मिरकरवाडा. जेटीच्या मागच्या गल्लीत लतीफचाचांचं घर. रिक्षातून उतरले आणि घराकडे बघितलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी बघितलेलं पिवळं घर आता हिरवंगार होतं.

दारात बऱ्याच चपला होत्या. रुबीनाने दार उघडलं. डोळे सुजलेले. "वैनी, तुम्हाला कोणी कळवलंन?" ती म्हणाली. "बरं झालं आलात. अब्बांचं काय खरं नाय. आठवडा होईल, पेज पण घेत नायत. चमचा नेला की हात झटकतात. भाईला कुवेतवरून बोलावलंय, तो उद्या पोचतोय."

आत गेलो. कॉटवर लतीफचाचा. निम्मे झाले होते. डोक्यावर पंखा फिरत होता. टक्, टक्, टक्.

मी मान वर करून पंख्याकडे बघितलं.

अण्णा कॉटजवळ गेले तसे लतीफचाचांनी डोळे उघडले. डावा हात उचलून त्यांनी अण्णांच्या शर्टाची बाही पकडली आणि सोडेचनात. अण्णा रुबीनाकडे वळून त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ह्याच्या घशात काटा हाय. डाव्या बाजूला, आत. डॉक्टरला दाखव."

खोलीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक वयस्कर बाई अण्णांकडे बघून हळूच म्हणाली, "वय झालंय त्यांचं पण."

"काटा कसा असेल चाचा?" रुबीना म्हणाली. अण्णांना ऐकू येत नाही हे आठवून मग माझ्याकडे वळली. "वैनी, मी स्वतः काटे काढून भरवते हो. तारलीचं कालवण केलं होतं मागे, एकेक घास बोटाने बघून दिला..." ती रडायलाच लागली. "गळ्याकडे हात न्यायचे. आम्हाला वाटलं श्वास लागतोय."

मी तिला बाजूला घेतलं. काय सांगणार होते मी तिला? तुझ्या अब्बांनी फोन करून सांगितलं? मी एवढंच म्हणाले, "रुबीना, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. बारीक काटा कोणाच्याही नजरेतून सुटतो. पण एकदा दाखवून घे. माझ्यासाठी."

दुपारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बाहेर बाकावर अण्णांचा हात धरून बसले होते. किती वेळ गेला काय माहीत. रुबीना पडदा सारून बाहेर आली ती सरळ माझ्या गळ्यातच पडली. काटा होता. टॉन्सिलच्या मागे रुतलेला, आजूबाजूला पू झालेला. डॉक्टर म्हणाले, बोलता येत नसलेल्या पेशंटचं असं होतं, बाहेरून काही कळत नाही.

चार दिवसांनी लतीफचाचा पेज प्यायला लागले. कुवेतहून आलेला मुलगा बापाच्या मातीला म्हणून आला होता, तो त्यांची दाढी करून परत गेला.

काटा काढला त्या दिवशीच दवाखान्यातून घरी आल्यावर मी रुबीनाला विचारलं होतं, चाचांचा फोन कुठे असतो? तिने कपाटाच्या वरून काढून दिला. फुगलेली बॅटरी, आत सिम नाही. "रिचार्ज करून काय करायचा वैनी? कधीच बंद केला नंबर." मग थोडं थांबून म्हणाली, "अब्बा पण एक करतात आजकाल. दुपारी जेवण भरवलं की डावा हात असा कानाला लावून पडतात. तासतासभर. मी समजले कान दुखतोय, कोमट तेल पण घातलं... आणि तोंडावर हसू असतं." तिने हात स्वतःच्या कानाला लावून दाखवला. तिला आजपर्यंत मी पूर्ण सांगितलेलं नाही. ती हे वाचत असेल तर... असो. वाचू दे.

त्यानंतरही कॉल येत राहिले. संदेश सुट्टी काढून आला, त्याने स्वतः फोन वाजताना बघितला, आणि मुंबईच्या डॉक्टरचा विषय पुन्हा काढला नाही. अण्णांचे कान मात्र आम्ही रत्नागिरीत परत तपासून घेतले. रिपोर्ट पूर्वीसारखाच. काहीही सुधारणा नाही.

मग रुबीनाने लतीफचाचांसाठी वाचा सुधारायला शिकवणाऱ्या एक बाई लावल्या. त्या आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. आधी नुसते आ, ऊ. इकडे अण्णा म्हणायला लागले, "आवाज बारीक झालाय त्याचा. बोट लांब गेल्यासारखा." मी राउटर बंद-चालू करून बघितला, जागा बदलून बघितली. काही फरक नाही. कॉल रोजचा होता तो दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी...

एका सकाळी रुबीनाने व्हिडिओ पाठवला. लतीफचाचा उशीला टेकून बसलेले, तोंड वाकडं करून, सगळा जोर लावून म्हणाले, "पा...णी." मागे रुबीनाचं हसणं-रडणं एकत्र. मी तो अण्णांना दाखवला, आवाज पूर्ण मोठा करून. त्यांनी फोन कानाला लावला, मग परत डोळ्यांसमोर धरला. ओठ बघून ओळखलं. "पाणी मागितलान," म्हणाले. खूश झाले. टाळी वाजवली.

त्या दिवसानंतर कॉल आला नाही. आज सात-आठ महिने झाले.

आता लतीफचाचा बरंच बोलतात. एकेक शब्द, मधे मोठी फट, पण कळतं. आम्ही रविवारी व्हिडिओ कॉल लावतो, साधा, सगळे लावतात तो. इकडे अण्णा, तिकडे चाचा. चाचा बोलतात आणि अण्णांना काहीही ऐकू येत नाही. मी मधे बसते, ऐकते, आणि मोठ्या अक्षरांत टाइप करून अण्णांना दाखवते. एकदा अण्णा मला म्हणाले, "तेव्हा बरा होता गो." मग लगेच जीभ चावली. "नाय नाय. तो बोलतोय ता बेस हाय."

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. कॉल चालू होता, रुबीना चहा करायला आत गेली होती. मी स्क्रीनसमोर तोंड नेऊन विचारलं, "चाचा, ते दुपारचे कॉल... तुम्ही अण्णांना कसे करत होतात?"

लतीफचाचा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"मी... नाय," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. "शांत्या... करायचा. रोज. मी... वाट... बघायचो."

अण्णांनी माझा हात ओढला. "काय म्हणालान? काय म्हणालान?"

मी टाइप केलं. दोनदा चुकलं. लतीफचाचा म्हणतात, कॉल तुम्ही करायचात.

अण्णांनी वाचलं. आधी हसले, लतीफचाचांना स्क्रीनवरच बोट दाखवून दम दिला, खोटारडा म्हणून. मग हसता हसता थांबले. माझ्याकडे बघितलं.

"मी कसा करीन गो?" ते म्हणाले. "मना तर कॉल लावता पण येत नाय."